बारा किलोबिटांची डबलबारी

माझं काम नक्की काय आहे, हे मी सासूबाईंना कितीतरी वर्षं समजावत होते. दादरच्या स्टुडिओत होते तोवर सोपं होतं. "रेकॉर्डिंग करते" म्हटलं की त्यांना कळायचं. तो स्टुडिओ बंद झाला, मी लोअर परळच्या एका कंपनीत लागले आणि पंचाईत झाली. ही कंपनी इंटरनेटवरून भजनं, कीर्तनं, नाट्यपदं ऐकवायची. माझ्याकडे काम होतं आवाज लहान करण्याचं.

"लहान म्हणजे हळू?" सासूबाई विचारायच्या.

हळू नाही. ऐकू तेवढंच आलं पाहिजे, पण फोनपर्यंत पोचायला जागा कमी लागली पाहिजे. त्यासाठी गाण्यातलं बरंच काही काढून टाकायचं, आणि काढलंय हे ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही. एकदा पोळ्या लाटता लाटता त्यांनी निकाल दिला. "म्हणजे तू गाण्यातलं चोरतेस आणि वर पगार घेतेस." गिरगावातल्या आमच्या चाळीत बातमी पसरायला एक पोळी भाजायचाही वेळ लागत नाही. पुढे गॅलरीत कुणी नवीन भेटलं की शेजारच्या कमलमावशी माझी ओळख करून द्यायच्या, "ही शैला. आवाज चोरते."

व्याख्या वाईट नव्हती. फक्त चोरायचं काय आणि ठेवायचं काय, हे ठरवण्यातच माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत असताना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही. टिकटिक चालू असते, पण कान तिची दखल घेत नाही. मग ती पाठवायची कशाला? शिट्टी आहे तेवढ्यापुरती ती गाळायची, शिट्टी थांबली की परत घ्यायची. गाण्यात अशा हजार टिकटिकी असतात. सॉफ्टवेअर त्या शोधून गाळतं. पण सॉफ्टवेअरला कान नसतात, त्याला माणसांनी घालून दिलेले नियम असतात. गाळल्यानंतर उरलेलं गाणं अजून गाणं आहे की नाही, हे ऐकून सांगायला माणूस लागतो. आमच्या कंपनीत तो माणूस मी.

जागा मोजतात किलोबिटमध्ये. सेकंदाला एकशे अठ्ठावीस मिळाले तर चैन. चौसष्टमध्ये नीटनेटका संसार होतो. चोवीस म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत लग्नाची पंगत उठवायची. आमचे निम्मे श्रोते कोकणातल्या गावांत होते. तिथे फोनला रेंज आली तर आली, नाहीतर माणसं फोन घेऊन गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर चढायची. चौसष्टवर भजन दर मिनिटाला अडकायचं. म्हणून वरून ठरलं की चोवीसवर आणा. आम्ही आणलं. अडकायचं थांबलं आणि आम्ही स्वतःवर खूश झालो.

आमच्या इंजिनिअरांचा प्रमुख निखिल. माझ्या मुलाच्या वयाचा, माटुंग्याचा, हुशार. मला शैलाताई म्हणायचा आणि माझं ऐकायचाही, हे विशेष. आवाजाची प्रत मोजणारं एक यंत्र त्याने बसवलं होतं. ते पाचपैकी गुण द्यायचं. चोवीसच्या भजनाला त्याने चार दिले होते, ते निखिलने छापून भिंतीवर लावले होते.

तक्रारी येत, पण त्या किरकोळ. माटुंग्याच्याच एक बाई रोज फोन करायच्या की दोन अभंगांच्या मधली शांतता बरोबर नाही. मला आधी हसू आलं. मग मी हेडफोन लावून फक्त शांतताच ऐकली. बाईंचं बरोबर होतं. सॉफ्टवेअर तिथे काहीही नाही समजून सगळंच कापत होतं. माणसांच्या खोलीत अशी शांतता कधीच नसते. पंखा असतो, कुणीतरी हललेलं असतं. बाईंना प्रत्येक वेळी वाटायचं की फोन बंद पडला. आम्ही त्या जागेत जरासा खोलीचा आवाज परत घातला. बाईंनी पुन्हा फोन केला. "आता कशी माणसांतली शांतता वाटते," म्हणाल्या.

अशी गिऱ्हाईकं मला आवडायची. पण गणू बुवांसारखं गिऱ्हाईक एकच.

एका सकाळी खालून रिसेप्शनच्या मुलीचा फोन आला. "मॅडम, एक आजोबा आलेत. पिशवीत काहीतरी जड धातूचं आहे, सिक्युरिटी वर सोडत नाही. ते म्हणतायत, आवाज बिघडवणाऱ्या माणसाला भेटायचंय."

मी खाली गेले. पांढरा झब्बा, कपाळाला बुक्का, सत्तरीचा उंच माणूस. सिक्युरिटीवाल्यासमोर पिशवी उघडून तो सांगत होता, "टाळ आसत रे, टाळ. बॉम्ब न्हय."

हे गणू बुवा. परळ-लालबागच्या कोकणी माणसाला त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. डबलबारीतले नावाजलेले बुवा. बाहेरच्यांसाठी सांगते. डबलबारी म्हणजे दोन बुवांच्या भजनांचा सामना. दोघं आपापली मंडळं घेऊन समोरासमोर बसतात. एक बुवा आपल्या बारीत गातो आणि गाता गाता दुसऱ्याला प्रश्न टाकतो. दुसरा त्याच्या बारीत गाऊनच उत्तर देतो, वर आपला प्रश्न ठेवतो. पेटी, पखवाज, मागे कोरस, आणि सगळ्यावर टाळ. श्रोते तासन् तास हलत नाहीत.

लिफ्टमधून वर आल्यावर बुवा आमच्या कॉफी मशीनपाशी थांबले, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाले, "हयच माझे साचे होते. दोन." आमचं ऑफिस जुन्या गिरणीच्या इमारतीत होतं. कॉफी मशीन होतं तिथे साचेखातं होतं आणि बुवांनी तिथे सव्वीस वर्षं कापड विणलं होतं. मी त्यांना कॉफी दिली. त्यांना ती आवडली नाही.

मीटिंग रूममध्ये निखिल आला. बुवांनी आपला फोन टेबलावर ठेवून आमच्याच चॅनलवरचं त्यांचं भजन लावलं.

"आयक गे बाय. माझो टाळ वाजूच्या आधी कोनतरी फुस्स करता."

"काका, ते नेटवर्कमुळे असेल," निखिल म्हणाला.

"नेटवर्कान अडाकता. ह्या अडाकना नाय. ह्या आधी वाजता." असं म्हणून बुवांनी पिशवीतून टाळ काढले आणि एकदाच वाजवले. काचेच्या त्या खोलीत तो आवाज असा घुमला की बाहेर बसलेली सगळी मुलं माना वर करून बघायला लागली. "ह्यो टाळ. ह्याच्या आधी काय आसा? कायच नाय. हात आसा. आणि तुमच्या फोनात?" त्यांनी दातांतून हवा सोडली. "फुस्स... टण्. सगळ्या भजनाक दमो झालोहा."

मी हेडफोन लावले. दहा वेळा ऐकलं. अकराव्या वेळी मला ते सापडलं, आणि मग ते जाईना. प्रत्येक टाळाच्या आधी बारीकसा, फाटक्या हवेसारखा आवाज. महिनाभर मी हेच भजन पास करत होते.

कारण सांगते, अवघड नाही. आवाज लहान करताना आम्ही त्याच्या पातळ चकत्या करतो आणि एकेका चकतीतलं नको ते काढतो. काढताना थोडी घाण होते. ती घाण त्या चकतीभर सारखी पसरते. चकतीभर सूर चालू असेल तर त्याखाली ती लपते. पण चकतीचा पहिला भाग शांत असेल आणि टाळ अगदी शेवटी पडला, तर टाळाची घाण त्याच्या आधीच्या शांततेतही पसरते. म्हणून टाळ वाजायच्या आधी वाजतो. उपाय माहीत होता. टाळ येतोय असं दिसलं की तेवढ्यापुरत्या चकत्या आणखी पातळ करायच्या. पण पातळ चकत्यांना जागा जास्त लागते, आणि चोवीसमध्ये जागा नव्हती. डबलबारीत टाळ तर सेकंदाला चार वेळा पडतो.

"ताई, पण स्कोअर चार आहे," निखिल हळूच म्हणाला.

"तो कागद काढ भिंतीवरून," मी म्हटलं.

मला कुतूहल होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. सव्वीस वर्षं साच्यांच्या खडखडाटात काढलेल्या माणसाचे कान. बुवांशी बोलताना आवाज चढवावा लागत होता. मग हे इतकं बारीक त्यांना ऐकू कसं आलं? मी विचारलं, "बुवा, तुमचा कान तपासू का?" ते लगेच ताठ बसले, जशी काही स्पर्धाच लागली.

निखिलने एकेक सूर लावायला घेतला, खालून वर चढत. प्रत्येक सुराला बुवा बोट वर करायचे. बराच वेळ बोट नेमाने वर होत होतं. मग थांबलं.

"लाव की," बुवा म्हणाले.

"लावलंय, काका."

"खंय? माका काय आयकाक येना नाय."

निखिल आणखी वर गेला. बुवा वाट बघत बसले. साच्यांनी त्यांचा वरचा सगळा मजला नेला होता. टाळाची चकाकी, त्याची शेवटची झिलई, ते सगळं त्यांच्यासाठी कधीच बंद झालं होतं. त्यांना ऐकू येत होता तो टाळाचा क्षण. नेमका कधी पडला तो. आयुष्यभर त्यांनी त्या क्षणावर गाणं उभं केलं होतं, तिथे केसभर सरकलेलं त्यांना खपत नव्हतं.

इथे एक गोष्ट कबूल करते, जी मी त्या खोलीत केली नाही. शेवटचे तीन सूर निखिलने लावले तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मी मान डोलावली. मला ते ऐकू आले नव्हते. दोघांपैकी एकाची तपासणी चालू होती, कळलं मात्र दोघांबद्दल. पुढे वर्षभराने मी निवृत्ती घेतली, तेव्हा निरोपाच्या भाषणात सगळ्यांनी माझ्या कानांचं कौतुक केलं. खरं कारण मी निखिलला दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं, ताई. त्यातला शेवटचा सूर मी लावलाच नव्हता, तरी तुम्ही मान हलवलीत."

असो. त्या दिवशी मात्र बुवांच्या तपासणीतून आम्हाला वाट सापडली. आमच्या चॅनलचे बरेचसे श्रोते बुवांच्याच वयाचे. कुणी साचेखात्यातले, कुणी बोटीच्या इंजिनपाशी नोकरी केलेले. त्यांना जे ऐकूच येत नाही ते वरचे सूर आम्ही इमानेइतबारे पाठवत होतो, आणि त्यासाठी त्यांचा टाळ मोडत होतो. मी निखिलला म्हटलं, "वरचा मजला पाड. जी जागा सुटेल ती टाळाला दे." बुवा आलाप घेताना किंवा श्वासासाठी थांबतात तिथे जागा उरते. तीही साठवून ठेवायची आणि टाळ आला की खर्चायची. तीन आठवडे आम्ही हेच केलं. यंत्राने नव्या आवाजाला साडेतीन गुण दिले.

बुवा पुन्हा आले. ऐकलं, डोळे मिटून. मग म्हणाले, "दमो गेलो."

मला वाटलं, काम झालं. पण बुवा उठले नाहीत. पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बसले.

"बाय, एक इचारू? ह्या गावाक थेट जायत? म्हंजे मी हय गातंय आणि तो थंय आयकता, त्याच वक्ताक?"

"तो म्हणजे कोण, बुवा?"

तो म्हणजे सखाराम बुवा. तीस वर्षं डबलबारीत गणू बुवांच्या समोर बसलेला माणूस. मंचावर एकमेकांची सालटी काढायची आणि खाली उतरल्यावर एका बशीत भजी खायची, असं दोघांचं. तीन वर्षांपूर्वी परळच्या एका हॉलमध्ये सखाराम बुवांनी शेवटच्या बारीत प्रश्न टाकला होता. पहिला टाळ कोणी वाजवला, आणि तो ऐकला कोणी? वेळ संपली होती. उत्तर पुढच्या कार्यक्रमात द्यायचं ठरलं. पण त्याआधीच सखाराम बुवांना अर्धांगवायूचा झटका आला. मुलगा त्यांना कुडाळकडच्या गावी घेऊन गेला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, मुंबई सुटली.

"तीन वर्षां उत्तर तोंडात घेवन बसलंय," बुवा म्हणाले.

"फोन करून सांगा की, काका," निखिल म्हणाला.

बुवांनी त्याच्याकडे असं बघितलं की मला त्याची दया आली. "बारीचा उत्तर बारीतच देवचा लागता. लोकांसमोर. टाळार."

फोनवर त्यांनी एकदा प्रयत्न केलाही होता, असं नंतर कळलं. पण फोनला टाळ म्हणजे गोंगाट वाटतो आणि तो पुसून टाकतो. सखाराम बुवांनी पलीकडून विचारलं होतं, "गणू, टाळ इकलंस काय?"

गावी सखाराम बुवांच्या घरात रेंज जवळजवळ नव्हतीच. त्यांची सून सुगंधा हिच्याशी मी बोलले. चटपटीत मुलगी. तिने दोन दिवस फोन घेऊन घरभर फिरून शोधून काढलं की पडवीच्या उजव्या कोपऱ्यात, उपड्या टोपावर फोन ठेवला तर एक काडी दिसते. "बाबांची खाट तिकडेच हलवते, मॅडम," ती म्हणाली. एका काडीला चोवीस जड होते. आम्ही सोळाची पायरी तयार केली. फोनला जितकं झेपेल त्या पायरीवर तो आपोआप उतरतो. निखिल म्हणाला, "एक बाराची पण करून ठेवू. सेफ्टी." बारावर पूर्ण मंडळ आम्ही कधी चालवलं नव्हतं. वेळच मिळाला नाही.

रविवारी दुपारी चारला परळच्या त्याच हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. जागा भरून माणसं भिंतींना टेकून उभी होती. समोरच्या बाजूला सखाराम बुवांचं मंडळ येऊन बसलं, मधली गादी मोकळी ठेवून. मंचाशेजारी माझं टेबल. माझ्या एका कानात हॉलमधला खरा आवाज आणि दुसऱ्या कानात गावाला पोचतोय तो आवाज. शेजारी निखिल, लॅपटॉपवर सुगंधाचा फोन कितव्या पायरीवर आहे ते बघत. गणू बुवा पेटीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होते. सुगंधाचा मेसेज आला, "येतंय. बाबांनी डोळे उघडले." मी हात वर केला आणि बुवांनी सुरुवात केली.

पहिला तास सुंदर गेला. सोळावर टाळ खणखणीत होता. समोरच्या मंडळाने एक गजर केला, हसवलं, टोमणे मारले. मग बुवांची उत्तराची बारी आली. गजर रंगला, पखवाज चढला, आणि निखिलने माझ्या दंडाला हात लावला. सुगंधाचा मेसेज होता. "लाइट गेली. टॉवर पण जाईल वाटतं. तुटतंय."

पडद्यावर तिचा फोन सोळावरून बारावर उतरला. मी कान लावला. पखवाज, पेटी, दहा जणांचा कोरस, टाळ, सगळं मिक्सरमध्ये फिरवल्यासारखं एक झालं होतं. त्यात बुवांचा गळा कुठे आहे तेही समजत नव्हतं.

"स्पीच मोड टाकतो," निखिल म्हणाला. "शब्द पोचतील. टाळ मरेल."

त्या मोडमध्ये सॉफ्टवेअर फक्त माणसाचं बोलणं सांभाळतं, बाकीचं सोडून देतं. उत्तर शब्दांतच असणार होतं, तेव्हा निखिलचं चूक नव्हतं. मी हो म्हणणारच होते. माझं आयुष्य ह्याच कामात गेलं होतं, कुणाला न विचारता काय टाकायचं ते ठरवण्यात. दादरच्या स्टुडिओत टेप कापायचे तेव्हापासून. आणि मंचावर तो माणूस दहा फुटांवर बसला होता, त्याला टाळ काढून टाकू का म्हणून विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

मी उठले आणि मंचावर चढले. बुवांच्या कानाशी वाकले. कानाशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि समोर माइक होता हे माझ्या लक्षात राहिलं नाही. माझा आवाज सगळ्या हॉलभर गेला.

"बुवा, गावाला सगळं मावत नाही!"

बुवांनी गाणं न तोडता एक हात वर केला, पखवाज मंदावला. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, तेही माइकवरच, "किती मावता?"

"एक गळा आणि एक टाळ."

बुवांनी मागे बघून हात खाली केला. पखवाज थांबला. पेटीवाल्याने भाता मिटला. कोरसमधल्या एकाने हातातले टाळ खाली ठेवले, मग बाकीच्यांनी. समोरच्या मंडळाला बुवांनी नमस्कार केला, जसं काही परवानगी मागितली. आपल्या पिशवीतले टाळ काढले आणि एकटेच गायला लागले.

मी टेबलाशी धावत आले, हेडफोन लावले. बारावर, त्या चिंचोळ्या जागेत, एक गळा आणि एक टाळ मांडी घालून बसल्यासारखे आरामात मावले होते. गळा थोडा खरखरीत झाला होता, पण तो बुवांचाच होता. टाळ पडत होता तो जिथे पडायचा तिथेच. मी आजवर जेवढी हत्यारं वापरली, त्यातलं एकही असं कापू शकलं नसतं.

उत्तर साधं होतं. पहिला टाळ वाजवला आईने, तिच्या हातातल्या बांगड्यांनी. आणि तो ऐकला पोटातल्या पोराने. बुवांनी ते तीन वेळा फिरवून गायलं, प्रत्येक वेळी टाळ वेगळा टाकत. बायकांच्या रांगेतून कुणीतरी "वा बुवा" म्हटलं. शेवटचा टाळ पडला आणि लोकांनी हॉल डोक्यावर घेतला.

मी निखिलकडे बघितलं. तो पडद्याकडे बघत होता. सुगंधाचा फोन पडद्यावर नव्हता.

"कधी गेला?"

"आत्ता. म्हणजे, गेल्या मिनिटाभरात कधीतरी. पडदा उशिरा दाखवतो. नक्की सांगता नाही येत, ताई."

एका मिनिटात काय काय होतं? उत्तर पहिल्यांदा गायलं तेव्हा फोन होता, की आधीच गेला? मी सुगंधाला मेसेज केले, तीन, चार. एकावरही पोचल्याची खूण येईना. बुवांना सांगायला गेले. त्यांनी माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. "चाय घेवया," एवढंच म्हणाले.

चहा आला. दोन्ही मंडळं एकत्र बसून चहा प्यायली. कुणी घरी गेलं नाही. मी कप हातात घेऊन बसले होते, तो तसाच गार झाला. निखिल लॅपटॉप मांडीवर घेऊन हॉलच्या पायरीवर बसला होता. पाऊण तास झाला असेल. तो एकदम उभा राहिला. "ताई! व्हॉइस मेसेज."

बुवा म्हणाले, माइकवर लाव. मला भीती वाटत होती. काय असेल, काही ऐकूच आलं नाही असं असलं तर? पण दोनशे माणसं बघत होती. मी फोन माइकला लावला.

आधी सुगंधा. "टॉवर आत्ता आला. बाबा बोलतायत." मग जड, ओढत ओढत आलेला एक आवाज. समोरच्या मंडळातल्या दोघांनी डोळ्यांवर हात घेतले. तीन वर्षांनी ऐकत होते ते हा आवाज.

"गणू... आयकलंय. बांगड्यो म्हनतंस... चुकलंस." मध्ये लांब श्वास. "पोटातल्या पोराक... आधी आवशीचा काळीज आयकाक येता. बांगड्यो... मागीर."

आवस म्हणजे आई. आईच्या काळजाचे ठोके आधी, बांगड्या नंतर.

सखाराम बुवांचं मंडळ उठून नाचायलाच लागलं. हॉलमध्ये शिट्ट्या, टाळ्या, हसणं. मी गणू बुवांकडे बघितलं. त्यांनी कपाळाला हात लावला होता आणि खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत. जवळ गेले तर हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"चुकलंय म्हनता, बाय! आयकलंस? चुकलंय म्हनता!" त्यांनी माझा हात घट्ट धरला. "म्हंजे सगळा नीट आयकाक गेला त्याका!"

मग त्यांनी पखवाजवाल्याला हाक मारली, पेटीवाल्याला बसायला सांगितलं आणि निखिलला विचारलं, आता गावाला किती मावतं.

"सोळा, काका," निखिल म्हणाला.

"मग सगळे बसा," बुवा म्हणाले आणि मांडी घालून सखाराम बुवांच्या काळजाला उत्तर शोधायला लागले.